स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य : आदिलाबादच्या निमित्ताने

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून हिवताप, डास, विहिरी आणि गटारे यांविषयी बोलणे काहींना औचित्यास सोडून वाटण्याचा संभव आहे. तथापि गावातील वाचनालय आणि गावातील आरोग्यव्यवस्था ही एकाच घरची भावंडे आहेत. दोन्ही वर्गणीवर अथवा करावर चालतात, दोन्हींचे काम रोजचे आणि न दिसणारे असते, आणि दोन्हींची आठवण समाजाला बहुधा ती बंद पडल्यावर होते. दुरून कोणी येऊन त्या चालवील म्हणून वाट पाहणाऱ्या गावात दोन्ही नांदत नाहीत. म्हणून सार्वजनिक आरोग्याचे नेतृत्व स्थानिक स्वराज्य संस्थेने कसे करावे, हा प्रश्न आजच्या प्रसंगी विचारात घेणे अप्रस्तुत ठरू नये.

या विचारासाठी आदिलाबाद जिल्ह्याइतका बोलका प्रदेश शोधून सापडणे कठीण. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी अशा तीन नद्यांनी वेढलेला हा जुना एदलाबाद मुलूख. येथे बाजाराच्या दिवशी तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लमाणी अशा सहा बोली एकाच वडाखाली ऐकू येतात. निजामाच्या राज्यातून हा जिल्हा हैदराबाद राज्यात आला. 1956 मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे त्याचे तालुके मुंबई राज्याकडे गेले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. 2014 मध्ये तेलंगणा राज्य निर्माण झाले आणि 2016 मध्ये या एका जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. शंभर वर्षांत नकाशा इतक्या वेळा बदलला. डोंगरातले ओढे मात्र त्याच वाटांनी वाहत राहिले, आणि पावसाळा ओसरताना गुड्यागुड्यांतून येणारा थंडीतापही दीर्घकाळ त्याच वाटांनी येत राहिला. रोगाला हद्द कळत नाही. हद्द कळते ती कचेरीला. या दोहोंच्या मधल्या पोकळीत माणसे दगावतात, हे या विषयाचे मूळ दुखणे आहे.

लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव 1882 सालचा. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांनी दिवाबत्ती, रस्ते, पाणी, झाडलोट आणि देवी टोचणे ही कामे करावीत आणि ती करता करता लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे, अशी त्यामागील धारणा होती. या धारणेची पहिली मोठी कसोटी चौदाच वर्षांनी लागली. ती मुंबईत लागली, आणि ती गाठिया तापाच्या साथीने घेतली.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. डॉ. व्हिएगस हे केवळ वैद्य नव्हते. 1888 पासून ते मुंबई महापालिकेचे निवडून आलेले सभासद होते. त्यामुळे त्यांचे निदान दवाखान्याच्या वहीत राहिले नाही, ते महापालिकेच्या बैठकीत मांडले गेले. व्यापारी बंदराच्या शहरात 'प्लेग' हा शब्द उच्चारणे म्हणजे जहाजे थांबणे, माल पडून राहणे, मजूर गावी पळणे. असे असूनही जे दिसले ते वेळेवर आणि उघडपणे सांगणे, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. स्थानिक आरोग्यनेतृत्वाचा हा पहिला गुण होय. साथीच्या वेळी पहिला बळी सत्याचा जातो, आणि सत्य दडपल्याने वाया गेलेले आठवडे नंतर कोणत्याही निधीतून भरून काढता येत नाहीत.

परंतु सत्य सांगितले की काम संपले असे होत नाही. ऑक्टोबर 1896 मध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी कोणत्याही घरात शिरण्याचा आणि रोग्यास सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार देणारा जाहीरनामा काढला. त्याचा परिणाम उलटा झाला. लोक रोगी लपवू लागले, आणि महिना संपण्यापूर्वी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. शहरातील सफाई कामगार निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही खरी भीती तेव्हा कमिशनरांना वाटू लागली. हुकूम सौम्य करण्यात आला. ज्यांच्या झाडूवर शहराचे आरोग्य उभे आहे, त्यांना विश्वासात घेतल्यावाचून आरोग्याचा एकही हुकूम चालत नाही, हे त्या महिन्याने मुंबईच्या कारभाराला शिकविले.

पुण्याला हा धडा महागात पडला. 1897 च्या आरंभी साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली. रोगी वेगळा ठेवणे, घर स्वच्छ करणे या उपायांत वैद्यकीय तथ्य होते, हे आज शांतपणे मान्य करावयास हरकत नाही. परंतु गोरे सोल्जर घराघरांत शिरले, देवघर आणि माजघर यांचा भेद उरला नाही, सामान रस्त्यावर आले. गावातील माणसांशी बोलून ठरवायचे ते बंदुकीच्या धाकाने ठरले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी प्लेग पुण्यात पुन्हा उसळला, ही गोष्ट मात्र फारशी आठवली जात नाही. आणि त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि स्वतः प्लेगने 10 मार्च 1897 रोजी निवर्तल्या. रोगी हलविणे हेच काम कमिटीही करीत होती आणि सावित्रीबाईही करीत होत्या. एकीच्या चाहुलीने लोक रोगी लपवीत, दुसरीच्या हाती सोपवीत. सार्वजनिक आरोग्याच्या प्रशासनावरील कितीही ग्रंथ वाचले तरी त्यांचे सार या भेदापलीकडे फारसे जाणार नाही.

पुण्यातील त्या रात्रीनंतर दोनच महिन्यांनी, 20 ऑगस्ट 1897 रोजी, निजामाच्या मुलखातील सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूची खूण दिसली. त्या शोधाने त्यांना 1902 चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले. त्याचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. तोवर हिवताप हा दूषित हवेचा, म्हणजे जवळजवळ नशिबाचा भाग मानला जाई. आता तो साठलेल्या पाण्याचा, म्हणजेच नगरपालिकेच्या अखत्यारीतला विषय झाला. कोणत्या गटारात पाणी तुंबते, कोणत्या वाड्यात हौद उघडा आहे, हे दिल्लीला अथवा लंडनला कळणे शक्य नाही. ते त्या वॉर्डातील मुकादमाला कळते.

याची प्रचीती पुन्हा मुंबईतच आली. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाची पाहणी करून वाड्यावाड्यांतील विहिरी आणि हौद हे विशिष्ट जातीच्या डासांचे माहेरघर असल्याचे दाखवून दिले. महापालिकेने विहिरी बुजविण्याचा अथवा झाकण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि हिंदू व पारशी समाजांतून विरोध उठला. विहीर ही पूजेची जागा होती. तिच्यात जलदेवता होती, पूर्वजांचे पुण्य होते. महापालिकेचे चिटणीस तेव्हा रुस्तम पेस्तनजी मसानी हे होते. त्यांनी विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून बाजूस सारले नाही. देशोदेशींच्या विहिरींविषयीच्या श्रद्धा त्यांनी अभ्यासल्या आणि 1918 मध्ये 'फोकलोर ऑफ वेल्स' हा ग्रंथ लिहिला. पुढे हेच गृहस्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. डासांच्या बंदोबस्तातून लोकसाहित्याचा ग्रंथ निर्माण व्हावा, ही ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष आवडणारी गोष्ट आहे. परंतु तिच्यातील प्रशासकीय मर्म ध्यानात घेतले पाहिजे. माणूस ज्या गोष्टीला जपतो ती का जपतो, हे ज्याला समजले नाही त्याने त्या गोष्टीवर झाकण घालण्याचा हुकूम काढू नये.

मुंबईच्या विहिरींवरून आदिलाबादच्या डोंगरांत शिरताना हेच मर्म अधिक गडद होते. 1940 मध्ये जोडेनघाटच्या परिसरात कुमरम भीम आणि त्यांचे सहकारी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल आणि जमीन यांवरील हक्काचा तो लढा होता. राज्यकर्त्यांना त्यानंतर असा प्रश्न पडला की, ही माणसे इतकी का चिडली? उत्तर शोधण्यास ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आले आणि मार्लवाई या गोंड गावात राहिले. गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या, गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. याच काळात हैदराबाद राज्याच्या सेवेतील एक मराठी अधिकारी आदिलाबादेत गोंडी शिकत होते. ते म्हणजे सेतुमाधवराव पगडी. इतिहाससंशोधक आणि गॅझेटियरचे संपादक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, परंतु आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी 1949 मध्ये इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले होते, हे त्यामानाने थोड्यांना ठाऊक असते. फारसी दप्तर वाचणारा अधिकारी गोंडी बोलीचे व्याकरण समजून घेतो, ही केवळ पांडित्याची हौस नव्हे. ज्याच्याशी कारभार करायचा त्याच्या भाषेत त्याला 'कसे आहात' एवढे विचारता आले पाहिजे, ही कारभाराची पहिली पायरी आहे.

भाषेचा आणि तापाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो हिवतापाच्या राष्ट्रीय मोहिमेच्या इतिहासात दिसतो. 1953 मध्ये देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 मध्ये त्याचे निर्मूलन मोहिमेत रूपांतर झाले. डी.डी.टी.च्या फवारणीने चमत्कार वाटावा असे यश आले. 1965 च्या सुमारास देशभरातील रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली. परंतु 1976 मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली. डासांना औषधाची सवय झाली, पुरवठा विस्कळीत झाला, ही कारणे खरीच. तथापि आणखी एक कारण होते. मोहीम संपली आणि राखणीचे दिवस आले, तेव्हा गावपातळीवर ती राखण करणारी घडी पुरेशी बसलेलीच नव्हती. मोहीम वरून चालविता येते. राखण गावातच करावी लागते.

त्या राखणीचे बारकावे किती साधे असतात पाहा. फवारणीचे औषध भिंतीवर बसते आणि भिंतीवर टेकणारा डास त्याने मरतो. मातीच्या घराला सणापूर्वी लिंपण आणि सारवण करण्याची रीत सर्वत्र आहे. दिवाळीच्या सुमारास गोंड गुड्यांत दंडारी आणि गुसाडीची धामधूम असते, तेव्हा अंगणभिंती साफसूफ होणारच. फवारणी आधी आणि लिंपण नंतर झाले, तर सरकारचे औषध घरधनिणीच्या हातांनी मातीखाली गाडले जाते. कागदोपत्री गाव फवारलेले असते आणि डास मोकळा असतो. यात घरधनिणीचा दोष नाही. तिला कोणी सांगितलेच नाही. ज्याने वेळापत्रक आखले त्याला तिचा सण ठाऊक नव्हता. गुड्याचा पटेल आणि सरपंच यांच्याशी आधी अर्धा तास बोलणे झाले असते, तर लिंपण आधी आणि फवारणी नंतर असा क्रम बिनखर्चात लावता आला असता. देवघरात आणि स्वयंपाकघरात फवारणी करू देण्याचा प्रश्नही असाच आहे. तो हुकमाने सुटत नाही, ओळखीने सुटतो.

आता अधिकाराचा विचार करू. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले आणि अकराव्या परिशिष्टातील एकोणतीस विषयांत आरोग्य, स्वच्छता, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांचा समावेश केला. 1996 च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार मिळाले. 2005 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती गावोगावी आली. रक्ताच्या थेंबावरून मिनिटांत हिवताप ओळखणारी पट्टी आणि औषध भरलेली मच्छरदाणी ही साधने पाठोपाठ खेड्यांपर्यंत पोहोचली. 2008 मध्ये आदिलाबाद शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. 2018 च्या तेलंगणा पंचायत राज कायद्याने अनेक तांडे आणि गुडे यांना स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली. म्हणजे कालपर्यंत ज्या वस्तीला मोठ्या गावच्या चावडीवर ताटकळावे लागे, तिचा आज स्वतःचा सरपंच आहे. कागदावर पाहता साधने, कायदा आणि माणूस, तिन्ही गोष्टी गावात येऊन पोहोचल्या आहेत.

मग उणे काय आहे? उणे आहे ते जबाबदारीचे एकच नाव. आरोग्य कर्मचारी एका खात्याचा, पाणी दुसऱ्या खात्याचे, अंगणवाडी तिसऱ्याची, आदिवासी कल्याण चौथ्याचे आणि गटार पंचायतीचे. एखाद्या मुलाला ताप आला तर पाचही ठिकाणी नोंद होऊ शकते, अथवा एकाही ठिकाणी होत नाही. याचे टोकाचे उदाहरण याच मुलखात आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्या सीमेवर परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा अशी चौदा गावे आहेत. त्यांच्यावर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील बहुसंख्य मराठी भाषकांच्या हाती वर्षानुवर्षे दोन राज्यांची शिधापत्रिका राहिली, दोन राज्यांच्या शाळा भरल्या आणि दोन्हीकडच्या निवडणुकांत मतदान झाले. वरवर पाहता ही चैन वाटते. परंतु आरोग्याच्या दृष्टीने विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो. दोन सरकारे असलेल्या गावात साथ आली, तर पहिली वर्दी कोणी कोणाला द्यायची? मृत्यू कोणत्या नोंदवहीत लिहायचा? दोघांचे असणे आणि कोणाचेच नसणे यांतील अंतर आजारपणाच्या रात्री फार थोडे उरते.

म्हणून स्थानिक संस्थेच्या आरोग्यनेतृत्वाची कामे मोठ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही, ती वहीत लिहिता येण्याजोगी आहेत. जन्म, मृत्यू आणि ताप यांची गावची नोंद खरी असली पाहिजे, आणि आकडा वाढला म्हणून नोंद करणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. डॉ. व्हिएगस यांचा वारसा तो हाच. पाणी, गटार, फवारणी यांचे वेळापत्रक गावच्या पंचांगाशी आणि शेतीच्या हंगामाशी जुळवून ग्रामसभेत ठरले पाहिजे. सूचना तेलुगूत निघाली तर ती मराठीत आणि गोंडीतही सांगितली गेली पाहिजे, कारण न समजलेली सूचना दिल्यात जमा नसते. सफाई कामगार आणि आशा कार्यकर्ती यांचे मानधन वेळेवर मिळाले पाहिजे. त्यांचा मान राखणे हा दयेचा भाग नसून साथीविरुद्धचा पहिला बंदोबस्त आहे, हे मुंबईने 1896 मध्येच जाणले होते. आणि सीमेवर दोन्ही बाजूंच्या पंचायतींनी, वाद न्यायालयात अथवा मंत्रालयात कधीही मिटो, पावसाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसून आपापली नोंदवही एकमेकांना दाखवली पाहिजे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. एक सतरंजी आणि दोन वह्या पुरतात.

यात ग्रंथालयाचा वाटा लहान असला तरी निश्चित आहे. नगरपालिकेचा आणि पंचायतीचा वार्षिक अहवाल कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवता येतो, आणि तो वाचणारे चार सभासद निर्माण करता येतात. फलकावर नव्या पुस्तकांच्या यादीखाली पावसाळ्यातील पाण्याची आणि तापाची सूचना तीन भाषांत लावता येते. करदाता जेव्हा अहवाल वाचू लागतो तेव्हा कारभारी अहवाल जपून लिहू लागतो. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेला नोंद सांभाळण्याचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

मार्लवाईच्या मातीत हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी आहे. परक्या देशातून आलेल्या या दांपत्याला गोंडांनी आपल्या गावात जागा दिली. अधिकाऱ्याला अशी जागा हुकमाने मिळत नाही. आदिलाबादच्या एखाद्या गुड्यातील आईने रात्री मूल तापाने फणफणले असता ते कपड्यात लपवून न ठेवता दार उघडावे आणि हाक मारावी, आणि त्या हाकेला ओ देणारे माणूस त्याच गावचे, त्याच बोलीचे असावे, एवढेच स्थानिक स्वराज्याकडून मागणे आहे.